एक विस्मृत काशीकर : नीळकंठशास्त्री गोऱ्हे

काशीतील महाराष्ट्रीय समाजाचा इतिहास सांगायला बसलो की आपल्या तोंडी ठरावीक नावे येतात. गागाभट्ट, नागोजीभट्ट, नाना फडणीस, अमृतराव पेशवे, बापूदेवशास्त्री, बाळशास्त्री रानडे. या यादीत एक नाव कधीच येत नाही. ते आहे नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचे, म्हणजेच पुढच्या आयुष्यातील रेव्हरंड नेहेम्या गोऱ्हे यांचे. युरोपातील संस्कृत पंडितांना हे नाव ठाऊक होते, पुण्या-मुंबईच्या सुधारकांना ठाऊक होते, पंडिता रमाबाईंच्या चरित्रात ते अगत्याने येते. काशीच्या घाटांवर मात्र ते कुणी घेत नाही.

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत एका ख्रिस्ती धर्मगुरूचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. समितीतील सहकाऱ्यांशी बोलताना माझ्यासमोरही तो आला. माझे उत्तर असे की, हा माणूस आपल्यातून गेला खरा, पण तो गेला काशीच्याच रीतीने. पैशासाठी नाही, नोकरीसाठी नाही, तर वाद करता करता गेला. आणि जाण्यापूर्वी त्याने आपल्या धर्माच्या बाजूने जो ग्रंथ लिहिला, तो आपल्यालाच वाचायचा राहून गेला आहे.

गोऱ्हे घराणे चित्पावन. पेशवाईत जी मराठी घराणी उत्तरेकडे आली त्यांतलेच हे एक. बुंदेलखंडातील बांद्याचे नवाब हे थोरले बाजीराव आणि मस्तानी यांच्या वंशातले, त्यामुळे त्यांच्या दरबारी मराठी ब्राह्मण कारभारी असत. नीळकंठशास्त्रींचे आजोबा याच दरबारात नोकरीला होते. पुढे हे कुटुंब काशीत स्थायिक झाले. वडिलांचे नाव शिवरामपंत. नीळकंठाचा जन्म ८ फेब्रुवारी १८२५ रोजी झाशीकडच्या काशीपुरा या गावी झाला, पण वाढणे आणि शिकणे सारे काशीत.

त्या वेळी काशीत इंग्रजी शिक्षण सुरू झाले होते. गोऱ्ह्यांच्या घरी मात्र ते मुलाला बिघडवणारे मानले जाई, म्हणून नीळकंठाला इंग्रजी शाळेत घातले नाही. घरच्या रीतीप्रमाणे गुरूंच्या पायाशी बसून संस्कृत, व्याकरण आणि न्याय असे अध्ययन झाले. घराणे शैव, पण या मुलाचा ओढा विष्णुभक्तीकडे. न्यायशास्त्राने शंका घ्यायला शिकवावे आणि भक्तीने देवाला घट्ट धरायला लावावे, ही दोन्ही बीजे त्यांच्या मनात लहानपणीच पडली. पुढचे सगळे आयुष्य या दोन ओढींमधली रस्सीखेच आहे असे मला वाटते.

त्या काळची काशीही समजून घेतली पाहिजे. जोनाथन डंकन याने १७९१ मध्ये येथे संस्कृत पाठशाळा काढली होती. राजा जयनारायण घोषाल यांनी आपली शाळा १८१८ मध्ये चर्च मिशनरी सोसायटीच्या हवाली केली होती. सिगऱ्यावर त्याच सोसायटीचे ठाणे होते आणि तेथील पाद्री रस्त्यारस्त्यांवर उभे राहून हिंदीतून प्रवचने करीत. त्यांतले एक विल्यम स्मिथ. विशीच्या उंबरठ्यावर असलेले आमचे शास्त्रीबुवा या स्मिथसाहेबांकडे प्रथम गेले ते शिष्य म्हणून नव्हे, त्यांचे तोंड बंद करायला गेले. काशीचा पंडित परमताचे खंडन करायला जातो तसेच.

याच सुमारास एक मोठा लेखी वादही चालू होता. जॉन म्यूर नावाच्या स्कॉटिश मुलकी अधिकाऱ्याने १८३९ मध्ये 'मतपरीक्षा' हा ग्रंथ संस्कृत श्लोकांत लिहून हिंदू धर्मावर टीका केली. हेच म्यूर १८४४ मध्ये काशीच्या संस्कृत कॉलेजचे प्रमुख म्हणून येथे आले. त्यांच्या ग्रंथाला संस्कृतातूनच तीन उत्तरे निघाली. पहिले सिहोरच्या सुबाजी बापू यांचे, म्हणजे तेही मराठी माणसाचे. दुसरे बंगालच्या हरचंद्र तर्कपंचाननांचे. तिसरे आणि सर्वांत सखोल उत्तर नीळकंठशास्त्रींचे. ग्रंथाचे नाव 'शास्त्रतत्त्वविनिर्णय', काळ १८४४-४५. लेखकाचे वय अवघे एकोणीस-वीस.

या ग्रंथात त्यांनी शिवीगाळ केली नाही, की साहेबाला म्लेच्छ म्हणून झटकून टाकले नाही. त्यांचा मुद्दा असा की केवळ तर्काने धर्माची परीक्षा होत नाही. आधी श्रद्धा, मग शास्त्र, आणि तर्क शास्त्राच्या मागून चालणारा. तर्कालाच न्यायाधीश नेमायचे असेल तर तो ख्रिस्ती मतालाही सोडणार नाही, हे त्यांनी दाखवून दिले. कर्मसिद्धांत मानला तर जन्मतःच दुःख भोगणाऱ्या जीवाच्या दुःखाचे कारण सांगता येते. पूर्वजन्म नाही म्हटले तर निरपराध बालकाच्या यातनांचा जबाब कोण देणार? आणि एका छोट्या आयुष्यातील पापासाठी अनंत काळचा नरक देणारा ईश्वर दयाळू कसा? हे प्रश्न वरवरचे नव्हते. परमत नीट वाचून, समजून घेऊन मग विचारलेले होते.

इथेच गोष्ट उलटली. परमताचे खंडन करायचे तर ते आधी पुरते जाणून घ्यावे लागते. नीळकंठशास्त्री बायबल वाचू लागले, ख्रिस्ताचे गिरिप्रवचन त्यांच्या मनाला लागले. पाप म्हणजे काय, ईश्वर आणि जीव एकच असतील तर भक्त कोणाला हाक मारतो, असे प्रश्न छळू लागले. ते स्मिथसाहेबांकडे जात, परत येत, पुन्हा जात. घरच्यांनी समजावले, मने दुखावली. असा सुमारे तीन वर्षे झोका चालला. अखेर १४ मार्च १८४८ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही काशीत नव्हे, जौनपुरात. नाव घेतले नेहेम्या. यरुशलेमची पडलेली तटबंदी पुन्हा बांधणाऱ्या बायबलमधील पुरुषाचे हे नाव.

काशीच्या एका ब्राह्मण घरावर १८४८ मध्ये ही केवढी आपत्ती आली असेल, याची कल्पना आज करणे कठीण आहे. एका दाखल्यावरून थोडी येईल. यानंतर तब्बल बेचाळीस वर्षांनी, १८९० मध्ये, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक वगैरे मंडळींपुढे चहाचे पेले ठेवले गेले, तर तेवढ्यावरून पुण्यात ग्रामण्य उभे राहिले. लोकमान्यांनी तर आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. एका चहासाठी एवढे, तर मग संपूर्ण धर्मांतरासाठी किती?

या निर्णयाची सर्वांत जड किंमत मोजली ती त्यांच्या पत्नीने, असे मला वाटते. लक्ष्मीबाईंना या शास्त्रार्थात कुणी मत विचारले नव्हते. माहेर-सासरची माणसे एकीकडे आणि नवरा दुसरीकडे. शेवटी त्या नवऱ्याकडे आल्या. ११ सप्टेंबर १८५३ रोजी काशीत त्यांना मुलगी झाली आणि काही महिन्यांतच लक्ष्मीबाई वारल्या. आईविना पोर एका निळीच्या मळेवाल्या इंग्रज कुटुंबाने सांभाळले. पुढे स्टॉर्स नावाच्या पाद्र्यांनी तिला आपल्या मुलांबरोबर इंग्लंडात वाढवले. तिचे नाव एलन लक्ष्मी गोऱ्हे. बापाचे आडनाव आणि आईचे नाव, एवढेच तिच्याजवळ आपले असे राहिले.

लक्ष्मीबाईंच्या मृत्यूनंतर थोड्याच काळात, १८५४ मध्ये, गोऱ्हे इंग्लंडला गेले. पंजाबचे पदच्युत महाराज दुलीपसिंग नुकतेच ख्रिस्ती झाले होते. त्यांच्या सोबतीच्या मंडळींत एक पंडित म्हणून यांची योजना झाली. ऑक्सफर्डला त्यांची मॅक्सम्युल्लर यांच्याशी भेट झाली. मॅक्सम्युल्लर यांनी उतारवयात या भेटीची आठवण लिहून ठेवली आहे. तीवरून दिसते की लंडनचे प्रत्यक्ष जीवन पाहून हा माणूस कमालीचा खचला होता. पुस्तकात वाचलेला ख्रिस्त त्यांना त्या शहराच्या रस्त्यांवर कुठे दिसेना. हाच ख्रिस्ती धर्म असेल तर आपण ख्रिस्ती नव्हे, असे त्यांच्या मनात येऊन गेले. राज्यकर्त्यांचा धर्म म्हणून तो स्वीकारला असता तर त्यांना लंडन पाहून आनंद व्हायला हवा होता. झाले उलटेच. त्यांच्या प्रामाणिकपणाचा यापेक्षा मोठा पुरावा मला लागत नाही.

परत आल्यावर त्यांनी आपला सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ हिंदीत लिहिला. 'षड्दर्शनदर्पण', सन १८६०. न्याय, वैशेषिक, सांख्य, योग, मीमांसा आणि वेदांत या सहाही दर्शनांची त्यात झडती घेतली आहे. फिट्झएडवर्ड हॉल या अमेरिकन संस्कृतज्ञाने, जो काशीच्याच कॉलेजात होता, त्याचे इंग्रजी भाषांतर करून १८६२ मध्ये कलकत्त्याला छापले. ग्रंथाचा मोठा रोख वेदांतावर आहे. पारमार्थिक, व्यावहारिक आणि प्रातिभासिक अशा तीन सत्ता वेदांती मानतात. गोऱ्हे विचारतात, जग जर केवळ व्यवहारापुरते खरे, तर ईश्वर, वेद, गुरू आणि मोक्षाची साधना हीही तेवढीच खरी. मग भक्ताने ज्याला आर्त हाक मारली तो शेवटी कोण उरला?

या ग्रंथातले निष्कर्ष मला मान्य नाहीत. वेदांताला न्यायशास्त्राच्या काट्याने तोलले की तो उणा भरणारच. अनुभवाला गोऱ्हे काट्यावर घेतच नाहीत. एकनाथ-तुकारामांनी अद्वैत आणि भक्ती एकत्र नांदवून दाखवली, तिकडेही त्यांनी पुरेसे पाहिले नाही. पण एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे. त्या काळातले पुष्कळ पाद्री मूर्तिपूजेवर आणि पुराणकथांवर थट्टा करून मोकळे होत. गोऱ्ह्यांनी तसे केले नाही. त्यांनी दर्शनांचे पूर्वपक्ष नीट मांडले, मग प्रश्न विचारले. टीकासुद्धा शास्त्र्याला शोभेल अशी केली.

१८६८ मध्ये कलकत्त्याला त्यांना डीकनची आणि १८७० मध्ये धर्मगुरूची दीक्षा मिळाली. बाप्तिस्म्यानंतर वीस-बावीस वर्षांनी. एवढा उशीर का, याचे उत्तर त्यांच्या स्वभावात सापडते. शंका त्यांना कधीच सोडून गेल्या नाहीत. विशीत त्यांनी म्यूरसाहेबांना अनंत नरकाविषयी जो प्रश्न विचारला होता, तोच पुढे त्यांच्या स्वतःच्या मानगुटीस बसला. आता त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. त्यांनी त्यावर लिहिलेही. प्रतिपक्षाला विचारलेला प्रश्न पक्ष बदलल्यावरही तितक्याच कडकपणे स्वतःला विचारणारे पंडित थोडे.

साहेबी थाटाच्या मिशनरी जीवनात त्यांचे मन रमले नाही. त्यांना ओढ होती ती संन्यस्त जीवनाची. ऑक्सफर्डजवळ काउली येथे अँग्लिकन चर्चमधल्या ब्रह्मचारी संन्याशांचा एक संघ १८६६ मध्ये स्थापन झाला होता. १८७६ मध्ये गोऱ्हे तेथे जाऊन उमेदवार म्हणून राहिले आणि पुढे भारतात याच संघाच्या सहवासात त्यांचे आयुष्य गेले. मुंबई आणि पुणे ही त्यांची मुख्य ठिकाणे. वर ज्या पंचहौद मिशनचा उल्लेख केला ते याच मंडळींचे. काशीचे शास्त्री आता फादर गोऱ्हे झाले. अंगावर पाद्र्याचा झगा आला, पण राहणी वैराग्याचीच राहिली. काशीतल्या घरी लहानपणी मनावर कोरलेले तपस्व्याचे चित्र धर्म बदलला तरी पुसले गेले नाही.

महाराष्ट्रात त्यांनी मुख्यतः शिकलेल्या मंडळींशी वाद केले. मुंबईत १८६७ मध्ये प्रार्थना समाज निघाला होता. एक निराकार ईश्वर, तो पित्यासारखा प्रेमळ, पापाचा पश्चात्ताप हीच शुद्धी, असे त्याचे विचार. गोऱ्ह्यांनी मुंबई-पुण्यात व्याख्याने देऊन सांगितले की हे सारे तुम्ही ख्रिस्ती धर्मातूनच घेतले आहे, मात्र ज्या झाडाचे फळ तोडले ते झाड नाकारता. समाजाच्या पुढाऱ्यांना हे पटणे शक्य नव्हते, आणि संतांचा वारसा पाहता ते पूर्ण खरेही नाही. पण रानडे-भांडारकरांच्या तोलाच्या माणसांपुढे उभे राहून तात्त्विक वाद करू शकेल असा मराठी ख्रिस्ती पंडित तेव्हा दुसरा क्वचितच होता.

पंडिता रमाबाई १८८२ मध्ये पुण्यात आल्या. त्याही चित्पावन, त्याही शास्त्र्याच्या घरातल्या, त्यांनीही आधी शास्त्रे आणि मग शंका असाच प्रवास केलेला. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. ख्रिस्ती धर्म ईश्वरदत्त असण्याला प्रमाण काय, या विषयावर गोऱ्ह्यांनी त्यांच्यासाठी मराठीत पत्ररूपाने विवेचन लिहिले. त्याचा आपल्या मनावर निर्णायक परिणाम झाला असे रमाबाईंनी पुढे नमूद केले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला आणि साऱ्या महाराष्ट्रात खळबळ उडाली. ज्यांना इंग्रज पाद्री वादात हरवू शकले नसते त्या विदुषीला काशीच्या शास्त्र्याच्या लेखणीने जिंकले.

गोऱ्ह्यांच्या शेजारी मला नेहमी बापूदेवशास्त्री आठवतात. दोघेही मराठी, दोघेही काशीचे, वयात जेमतेम चार वर्षांचे अंतर. बापूदेवांचा जन्म १८२१ चा. पाश्चात्त्यांचे गणित आणि ज्योतिष त्यांनी खुल्या मनाने स्वीकारले, काशीच्या संस्कृत कॉलेजात ते शिकवले, 'सूर्यसिद्धांता'चे इंग्रजी भाषांतर केले, आणि अखेरपर्यंत आपल्या आचारधर्मात राहिले. त्यांना मान मिळाला. गणितात बाहेरचे सत्य घेता येते, जात सोडावी लागत नाही. धर्माच्या बाबतीत मात्र बाहेरचे काही खरे वाटले की दार एकच, बाहेर जाण्याचे. गोऱ्हे त्या दाराने गेले. ते दार आपणही आतून लावून घेतले, हे विसरता कामा नये.

२९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत फादर गोऱ्हे वारले. त्याच वर्षी फेब्रुवारीत, मुंबईतच, कवी नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला होता. एक पिढी संपत होती, दुसरी सुरू होत होती. टिळकांनी ख्रिस्ताला मराठी अभंगाचा वेश दिला. गोऱ्ह्यांनी तत्पूर्वी त्याला शास्त्रार्थाच्या सभेत आणून बसवले होते. त्यांची मुलगी एलन लक्ष्मी १८८० मध्ये भारतात परतली. तिने इंग्रजीत लिहिलेली भक्तिगीते जगभरच्या चर्चमध्ये गायली गेली. अलाहाबादला तिने अनाथ मुलींचा सांभाळ केला, आणि १९३७ मध्ये कानपुरात तिचा अंत झाला. काशीत जन्मलेली ही मराठी कवयित्रीण आपल्या कुठल्याही यादीत नाही.

आणि तो विशीतला ग्रंथ? 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा ग्रंथ संपादित होऊन छापला गेला तो १९५१ मध्ये, उज्जयिनीच्या सिंधिया प्राच्य ग्रंथसंग्रहाकडून, सदाशिव कात्रे यांच्या हस्ते. लिहिल्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी. हिंदू धर्माच्या बाजूने एका काशीकर मराठी तरुणाने दिलेले इतके समर्थ उत्तर एवढा काळ वाट पाहत राहिले. ख्रिस्ती मंडळींना त्या पुस्तकाचे काम उरले नव्हते आणि आपल्याला त्या माणसाचे. दोन्ही बाजूंनी आपापला अर्धा नीळकंठ टाकून दिला.

नागपंचमीला नागकुव्यावर शास्त्रार्थ करण्याची परंपरा आपल्या काशीत आहे. तिचा आपल्याला अभिमान वाटतो आणि वाटायलाच हवा. पण शास्त्रार्थ म्हणजे नुसती पाठांतराची चढाओढ नव्हे. समोरच्याचे म्हणणे खरे निघाले तर ते पत्करण्याची तयारी हे त्याचे मूळ वचन आहे. नीळकंठशास्त्रींनी ते अक्षरशः पाळले. त्यांचा निर्णय चुकला असे म्हणायचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे, पण मग त्यांच्या प्रश्नांना त्यांच्याच तोडीचे उत्तर देण्याचे कामही आपल्याकडे येते. आणि उत्तर शोधायला फार लांब जायला नको. ते बरेचसे त्यांच्याच पहिल्या ग्रंथात आहे.

म्हणून सहकाऱ्यांना माझी एक विनंती आहे. उत्सवातील व्याख्यानांपैकी एक दिवस एखाद्या विद्वानास बोलावून 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' आणि 'षड्दर्शनदर्पण' हे दोन्ही ग्रंथ समोरासमोर ठेवावेत. एकाच माणसाने दोन बाजूंनी लढवलेला असा वाद काशीच्या इतिहासातही विरळा. बुद्धीच्या दैवतापुढे प्रामाणिक शंकेला मज्जाव नसावा. श्रीगजानन आपणा सर्वांना ऐकून घेण्याची आणि उत्तर देण्याची, दोन्ही शक्ती देवो, हीच प्रार्थना.